दिगंबरकाका आणि दोन शिवराम

ये गं रेवा, जरा जवळ सरकून बस. तू तिकडे बंगलोरला, मी इकडे इंदूरला, तरी बस. कान धरायचाय तुझा. हळूच धरीन.

परवा घरच्या ग्रुपवर तू तो मेसेज टाकलास. आमचे खापरपणजोबा शिवराम भिकाजी, प्लेगमध्ये सगळं शहर पळालं तेव्हा एकटे मागे राहिले, आजाऱ्यांना पाणी पाजलं, बेवारशी प्रेतं खांद्यावरून नेली, दरबारातून त्यांना पागोटं मिळालं. खाली हात जोडलेले चार आणि झेंडे तीन. सगळ्यांनी धडाधड अंगठे दिले. बेटा, टाकायच्या आधी एक फोन करायचास की! आत्याआजी काय मेली होती? तो माणूस आपला नाही. आपले आजोबा, म्हणजे माझे आणि तुझ्या आजोबांचे आजोबा, तेही शिवराम भिकाजीच, पण ते वेगळे. कारकून होते बिचारे. पागोटं ज्यांना मिळालं ते दुसरे.

तोंड पाडू नकोस. तुला कोणी सांगितलंच नाही, यात चूक आम्हा म्हाताऱ्यांची. म्हणून आज दुपारची झोप सोडून लिहायला बसलेय. मी काही लिहिणारी बाई नाही, सातवीत शाळा सुटली माझी. जे काही येतं ते दिगंबरकाकांनी शिकवलं. आणि ही गोष्ट त्यांच्यापासूनच सुरू करावी लागते.

आपल्या सराफ्यामागच्या घरासमोर, वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत ते राहायचे. तू लहान होतीस, तुला आठवत नसतील. उंच, मानेत वाकलेले, शर्टाच्या खिशात भिंग. जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरात त्यांनी नोकरी केली आणि रिटायर झाल्यावरही रोज तिथेच जाऊन बसायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठे, पण सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची म्हणून मीही.

त्यांना एकच वेड. एका नावाची दोन माणसं वेगळी करायचं.

हसलीस ना? सगळे हसायचे. पण जुन्या कागदांत किती घोळ असतो, ते त्यांच्याकडे बसल्यावर कळायचं. आपल्याकडे नातवाला आज्याचं नाव. गणेश विष्णू, त्याचा मुलगा विष्णू गणेश, त्याचा परत गणेश विष्णू. आडनाव लिहायची पद्धत कमी. मग कोणी तरी पुस्तक लिहितो, आणि त्यात एकच गणेशपंत दहाव्या वर्षी मोहिमेवर जातो नि शंभराव्या वर्षी वसुली करतो. काका वाचून खो खो हसायचे. "कमल, बघ, या शहाण्यानं आजा आणि नातू यांना एकाच धोतरात बसवलंय."

लग्नपत्रिका आल्या की त्या त्यांच्याकडे द्यायच्या, हा गल्लीचा नियम होता. कोऱ्या बाजूची ते कार्डं कापायचे. एका माणसाला एक कार्ड. बुटांच्या खोक्यांत ती लावलेली. एका नावाची कार्डं जवळजवळ, पण मध्ये जाड पुठ्ठा. "चिकटू देऊ नये," म्हणायचे, जसे काही ते पापड होते. माणूस पक्का करायला त्यांच्या चार खुणा लागायच्या: नाव, बापाचं नाव, गाव आणि काम. तीन जुळल्या तरी ते कार्डावर पेन्सिलनं लिहायचे. चौथी जुळली की शाईनं.

जिवंत माणसांनाही हाच न्याय. कोपऱ्यावर नमकीनवाला होता, त्याला म्हणायचे, "रमेशचंद्र बद्रीलालजी, पाव किलो सेव देना."

तो कपाळावर हात मारायचा. "काकाजी, पिताजी को गए बीस बरस हो गए. पूरे इंदौर में एक आप ही रोज उनका नाम लेते हो."

"अरे भिया, पिछली गली में दूसरा रमेशचंद्र है. उसकी सेव में तेल बहुत. उसका इल्जाम तुम पर क्यों आए?"

रमेशचंद्र खूश. मूठभर सेव जास्त घालायचा.

एकदा मी विचारलं, काका, हे खूळ डोक्यात आलं कुठून? ते कार्ड कापत होते, कापता कापताच सांगितलं. त्यांना आज्याचं नाव ठेवलेलं. दिगंबर. आजा घरात जिवंत, कडक. मग सासऱ्याचं नाव सुनेनं कसं घ्यायचं? आईनं कधी दिगंबर म्हणून हाक मारली नाही. बाळ म्हणायची. आजा मेल्यावरही जीभ वळली नाही तिची. शेवटच्या आजारात दवाखान्यात नर्सनं विचारलं, मुलाचं नाव काय, तर आई म्हणाली, याचे आजोबा होते ना, तेच. "माझ्या नावावर आधीच कोणी तरी बसलेलं होतं, कमल," एवढं बोलून कात्री चालवायला लागले. मी चहा ठेवायला उठले. दुसरं काय करणार.

त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्या. म्हणून स्वच्छ प्रत करायला मी जायची. त्यातूनच त्यांनी मला मोडी शिकवली. पाटीवर, पहिल्यापासून. पन्नाशीला आलेल्या बाईला.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक छोटं पुस्तक काढलं, प्लेगच्या साथीत इंदुरात कोण कोण कामाला आलं त्यावर. त्यात आपल्या घरावर सात पानं. काकांना दफ्तरात एक हुकूम सापडला होता: शिवराम भिकाजी यांणी साथीत बेवारशी प्रेतें पोहोंचविलीं, आजारी यांस पाणी पाजिलें, सबब पागोटें एक द्यावें. आणि शिवराम भिकाजी नावाचा कारकून तर त्यांच्या समोरच्याच घराचा पूर्वज! त्यांनी लिहिलं, एवढ्या वरच्या घरातला माणूस असूनही प्रेताला खांदा देण्यात यांनी कमीपणा मानला नाही. प्रत मीच केली होती त्या ओळीची. डोळे भरून आले होते माझे.

तुझ्या आजोबांना, दादाला, काय आनंद झाला! गल्लीत पेढे वाटले. तोवर आम्ही म्हणजे कारकुनाचे नातू, आता एकदम मोठ्या माणसाचे झालो. दादाची चालच बदलली, खरं सांगते.

पुस्तक निघून काही महिने झाले असतील. दुपारी मी काकांकडे प्रत करत बसले होते. एक बाई जिना चढून आल्या. साठी उलटलेली, इस्त्रीची सुती साडी, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काकांचं पुस्तक. महूहून आल्या होत्या, शाळेत शिकवून रिटायर झालेल्या.

"सर, हे शिवराम भिकाजी आमचे आजोबा आहेत," त्या म्हणाल्या.

काका हसले. "बाई, हे कारकून होते."

"नाही सर. पलटणीतले पेन्शनर. साथीत त्यांना महूहून बोलावून नेलं होतं. प्रेतं उचलायला इंदुरात कोणी तयार नव्हतं ना. आम्ही बौद्ध. आमच्याच लोकांना बोलावणार की."

"काही कागद?"

"कागद नाही. पागोटं मिळालं होतं. आजीनं त्याची झोळी केली, माझे वडील त्यात झोपले. मग फाटलं."

"आता झोळीचा पुरावा मला कसा चालेल, बाई?" काका अगदी मवाळपणे म्हणाले. पण ते हसले. आणि रेवा, मीही हसले.

"आजोबांच्या वडिलांचं नाव भिकाजी कसं पडलं, माहीत आहे?" काकांनी विचारलं.

"त्यांच्याआधीची दोन लेकरं गेली होती. म्हणून देवापाशी भीक मागून घेतलेला, तो भिकाजी."

"बघा, यांच्याकडेही तीच हकीकत आहे. कारकुनाच्या वडिलांची."

बाईंनी पुस्तकाचं ते पान मिटलं. मग म्हणाल्या, "म्हणजे दोन घरांत लेकरं गेली असतील, सर. साथी काय घर विचारून येत होत्या?"

काकांनी कात्री उचलली. असेल, असेल, बघतो, म्हणाले. मी चहा दिला, तो बाईंनी घेतला, पुस्तक परत वर्तमानपत्रात नीट गुंडाळलं आणि गेल्या. काका कार्डांकडे वळले. नंतर कधी विषय निघाला नाही.

दहा-बारा वर्षं गेली मध्ये. दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हाती आपल्या घरची जुनी पेटी लागली. तळाला आजोबांचा अर्ज, त्यांच्या स्वतःच्या हातचा. मी अडखळत वाचला. शहरात साथ फार, कुटुंबास घेऊन देपालपुरास जात आहे, तरी रजा मंजूर व्हावी. दोन महिन्यांची रजा मागितलेली, वर मंजुरीचा शेरा. मला काय कळलं त्यातलं? आजोबांचं अक्षर सापडलं, याचाच आनंद. पळत गेले काकांकडे.

काकांनी भिंग लावलं. वाचलं. परत वाचलं. मग उठून त्या पागोट्याच्या हुकुमाची नक्कल काढली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. हुकुमातल्या कामाचे आणि रजेचे, तेच दोन महिने.

"कमल, या हुकुमात नावाच्या आधी काय आहे?"

"काही नाही, काका."

"आणि तुझ्या आजोबांच्या अर्जावरच्या शेऱ्यात?"

"राजश्री शिवराम भिकाजी."

"कारकुनाच्या नावाआधी राजश्री असायचंच. शिपायाच्या, हमालाच्या नावाआधी नसायचं. इथे नाही, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं."

"मग?"

"लिहिणाऱ्याची घाई समजलो." चष्मा काढला त्यांनी. "प्रेतं वाहणारा माणूस कोण असेल, हे मला सुचायला नको होतं? मला आपल्यातलाच सुचला. वर त्याचं कौतुक केलं मी, की कमीपणा मानला नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी ते दफ्तरात गेले आणि साफसफाई खात्याचे गठ्ठे मागवले. इतक्या वर्षांत ते त्यांनी कधी उघडलेच नव्हते, कारण त्यात ओळखीचं कोण असणार? दोन दिवसांत हजेरीचा कागद मिळाला. शिवराम भिकाजी, पेन्शनर शिपाई, महू. काम, प्रेतें वाहणें. चारही खुणा.

घरी येऊन म्हणाले, "त्या बाईंचं कार्ड काढ."

मी खोकी शोधली. सगळी. कार्ड नव्हतंच. दोघंही आठवायला लागलो आणि मग काकांचा चेहरा असा झाला, रेवा, की मला बघवेना. शेवेचा भाव विचारतानासुद्धा बापाचं नाव घेणारा माणूस. "मी त्यांना त्यांचं नावच विचारलं नव्हतं," म्हणाले.

मग महूच्या फेऱ्या. पंचाहत्तरीचं वय, गुडघे गेलेले, तरी आठवड्यातून एकदा बस पकडायची. रिटायर शाळामास्तरीण, आजोबा पलटणीत, एवढ्या खुणेवर विचारत फिरायचे. लोक म्हणायचे, काकाजी, यहाँ तो हर घर में पलटन है. चार महिन्यांनी घर मिळालं. त्या दिवशी मी बरोबर होते.

दार बाईंच्या मुलीनं उघडलं. उषा. बँकेत नोकरी, नुकतीच ऑफिसातून आलेली, अजून पर्स खांद्याला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली बाईंचा. फोटोला हार.

काका उंबऱ्यातच थांबले.

"तुम्ही ते इंदूरचे सर का?" उषानं ओळखलं. "पुस्तकावर फोटो आहे तुमचा. आई मागच्या वर्षी थंडीत गेली."

काकांनी हजेरीची नक्कल पुढे केली. उषानं उभ्या उभ्या वाचली. "हे आईनं सांगितलंच होतं तुम्हाला."

"हो. मी चुकलो, बेटा. आता छापणार आहे."

"आता छापून काय? आई ते पुस्तक कोणाला दाखवायची नाही. कोणी म्हणालं असतं, यात तर दुसरंच घर लिहिलंय." मग ती एकदम म्हणाली, "काकाजी, आईचं नाव माहितेय तुम्हाला?"

काकांनी मान हलवली. नाही.

"सुशीला."

काकांनी खिशातून कार्ड काढलं, भिंतीला टेकवून लिहिलं. सुशीला. "वडिलांचं नाव?"

"यशवंत शिवराम."

शिवरामच्या शेवटच्या अक्षराशी ते थांबले, तो म उषानंच पुरा केला. त्यांच्या हातातलं पेन घेऊन. मग स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ नळ चालू होता, आणि चहा घेऊन आली.

नवीन पुस्तक छापायला दोन वर्षं लागली असती, आणि काकांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी चिठ्ठ्या छापल्या. बोटाएवढ्या रुंद. अजून तोंडपाठ आहे मला: या पानांतील शिवराम भिकाजी हे महूचे पेन्शनर शिपाई. कारकून शिवराम भिकाजी वेगळे. साथीत ते देपालपुरास होते. चूक माझी. शिपायांची नात सुशीला यशवंत यांनी ती मला वेळेवर सांगितली होती.

पुस्तक कोणाला दिलं, त्याची यादी त्यांच्याकडे होतीच. तीनशे प्रती. मग सकाळी मी गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, किडा लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद, आणि काका वाटी, ब्रश, चिठ्ठ्या घेऊन घरोघर. "तुमच्याकडे माझं पुस्तक आहे. जरा काढता? एक चिठ्ठी लावायची आहे."

"काकाजी, वो तो रद्दी में गई."

ते यादीत रद्दी लिहायचे आणि पुढच्या घरी. कोणी म्हणायचं, अहो, आता वाचतंय कोण? काका म्हणायचे, "वाचलंच कोणी तर?" आणि पान उघडून, जीभ दातांत धरून, चिठ्ठी अशी सरळ लावायचे जशी काय लग्नाची अक्षत ठेवतायत. वाळेपर्यंत फुंकर घालत बसायचे. सांवेरला एकाच घरी प्रत होती, तिथे तीनदा गेले, कारण घरमालक दोनदा शेतावर.

आपलं घर ते पुढे पुढे ढकलत होते. समोर असून. हिंमत होत नव्हती.

दादा आरामखुर्चीत होता. काकांनी सगळं सांगितलं. दादा ऐकून घेतो, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, तुला माहितेय.

"दिगंबर, तूच दिलंस आणि तूच काढून घेतोस?"

"दिलं ते माझं नव्हतं रे."

"आमचा आजोबा पळाला, असं चिकटवणार माझ्या घरात येऊन?"

"पळाला कुठे लिहिलंय? देपालपुरास होता, एवढंच आहे. बायको, चार पोरं. मी असतो तर मीही गेलो असतो."

"मग राहू दे की जसं आहे तसं. कोणाचं काय बिघडतं?"

काकांनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "महूला एक बाई वारल्या."

"त्याला मी काय करू?" दादानं पुस्तक कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली कनवटीला. "चहा घेऊन जा," म्हणाला. चहाशिवाय तो कोणाला जाऊ देत नाही, पण मान वर करून पाहिलंही नाही.

काका चहा न घेता उतरले. मी गॅलरीत गेले. खाली गल्लीत ते एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबले होते. वाटीतली खळ वाळू नये म्हणून नळावर रुमाल ओला केला, पिळला, वाटीवर घट्ट बांधला. मग खिशातून यादी काढली, उन्हात डोळ्यांजवळ धरून बघितली आणि राजवाड्याच्या बाजूला चालायला लागले. पाठीला घामाचा मोठा डाग होता शर्टावर. शुद्धीत असताना पाहिलं ते शेवटचं. त्या रात्री ताप भरला, डॉक्टर, दवाखाना, मी गेले तेव्हा शुद्ध नव्हती. नवव्या दिवशी गेले. अग्नी द्यायला मी नमकीनवाल्या रमेशचंद्रला सांगितलं.

राहिलेली घरं मी आणि उषानं केली. ती रविवारी महूहून स्कूटरवर यायची, मी मागे बसायची वाटी धरून. या वयात! यादीत आता एकाच नावापुढे खूण नाही.

दादाला चुकलं असं कळत नाही, असं नाही गं. परवा तुझा मेसेज आला तेव्हा अंगठा दिला त्यानं, पण नंतर जेवला नाही. आम्ही दोघं एका घरात राहतो आणि यावर बोलत नाही. मी बहीण, माझं ऐकणार नाही. तुझं ऐकेल. तुला तो कधी नाही म्हणालाय?

ब्याऐंशी झाली त्याला, श्वास लागतो जिना चढताना. मी गुपचूप किल्ली काढून लावू शकते, पण तसं नको. त्यानं स्वतः कपाट उघडायला हवं. म्हणून म्हणते, सुट्टीबिट्टी बघत बसू नकोस, मिळेल त्या गाडीनं ये. उषाला मी सांगून ठेवते. तू आजोबांजवळ बस, मी खळ शिजवते.